हॉस्पिस : शेवटच्या आठवड्यापुरते नव्हे

१९८५ आणि १९८६ या लागोपाठच्या दोन वर्षांत तीन गोष्टी घडल्या, आणि असाध्य आजाराच्या रुग्णांची शुश्रूषा भारतात कशी रुजली व कुठे खुंटली, याचा बराचसा उलगडा त्या तिन्ही एकत्र पाहिल्या की होतो. १९८५ मध्ये संसदेने अमली पदार्थांविरुद्धचा, एनडीपीएस या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा कायदा संमत केला आणि कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरचे सर्वांत भरवशाचे औषध असलेले मॉर्फिन तुरुंगवासाच्या भीतीशी जोडले गेले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगातील वेदनाशमनाची तीन पायऱ्यांची पद्धत जाहीर केली. तिच्या पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, दुसरीवर कोडीनसारखी मध्यम ताकदीची आणि तिसरीवर मॉर्फिन होते. त्याच १९८६ साली मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरी परिसरात, टाटा स्मारक रुग्णालयातील कर्करोगशल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने ‘शांती आवेदना सदन’ सुरू झाले, आणि ते भारतातील पहिले हॉस्पिस मानले जाते. संस्था उभी राहिली, शास्त्रही हाती आले, परंतु ज्या औषधावाचून दोहोंचे हात बांधलेले राहतात ते मात्र कुलपात गेले. पुढच्या चार दशकांचा इतिहास हा बहुतांशी त्या कुलपाचा आणि त्याहूनही घट्ट अशा घरातल्या मौनाचा आहे.

हॉस्पिस ही कल्पना आजच्या रूपात इंग्लंडमध्ये आकाराला आली. डेम सिसिली सॉन्डर्स या आधी परिचारिका, मग वैद्यकीय समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झालेल्या बाईंनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन केले. तत्पूर्वी सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये काम करताना, दुखू लागल्यावर औषध देण्याऐवजी दुखू लागण्यापूर्वीच ठरावीक तासांनी ते दिल्यास रुग्ण शुद्धीवर राहतो, बोलतो, आणि औषधाची मागणीही बेसुमार वाढत नाही, हे त्यांनी नोंदींच्या आधारे दाखवून दिले होते. त्यांनी मांडलेली ‘समग्र वेदना’ ही संकल्पना आजही या शाखेचा पाया आहे. तिच्यानुसार रुग्णाचे दुखणे एकाच वेळी शरीराचे, मनाचे, घरसंसाराचे आणि श्रद्धेचे असते. पाठीच्या कण्यात पसरलेल्या कर्करोगाची कळ, मुलीच्या लग्नाची काळजी, सावकाराचे देणे आणि ‘माझ्याच वाट्याला हे का’ हा प्रश्न यांची वाटणी वेगवेगळ्या खात्यांत करता येत नाही. म्हणूनच हॉस्पिसच्या पथकात डॉक्टर व परिचारिका यांच्याबरोबर समाजसेवक, समुपदेशक आणि स्वयंसेवकही असतात.

येथे दोन संज्ञांमधील फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण त्यांची सरमिसळ रुग्णांना महागात पडते. परिहारक उपचार, ज्यांना रुग्णालयांत ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात, ते गंभीर आजाराच्या निदानापासून कोणत्याही टप्प्यावर, केमोथेरपी किंवा शस्त्रक्रिया चालू असतानाही देता येतात आणि त्यांचा रोख रोगाऐवजी रोगामुळे होणाऱ्या त्रासावर असतो. हॉस्पिस हा त्यांचाच शेवटचा टप्पा होय : रोगावरील उपचारांचा उपयोग संपला आहे हे मान्य करून, उरलेला काळ शक्य तितका त्रासमुक्त जावा यासाठीची व्यवस्था, मग ती वेगळ्या इमारतीत असो, रुग्णालयातील काही खाटांवर असो वा रुग्णाच्या स्वतःच्या घरी असो. अमेरिकेत १९८२ पासून सरकारी विम्यात हॉस्पिसचा समावेश आहे आणि तेथे त्यासाठी आयुर्मर्यादा सहा महिने किंवा त्याहून कमी असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, शिवाय मूळ रोगावरील उपचारांचा दावाही सोडावा लागतो. भारतात अशी विमाव्यवस्था नसल्याने अशी काटेकोर सीमारेषाही नाही, आणि ही एका परीने सोयच आहे, कारण रुग्णाला ‘हे की ते’ अशी निवड करण्याची सक्ती होत नाही. प्रत्यक्षात मात्र या सोयीचा लाभ घेतला जात नाही. बहुतेक रुग्ण परिहारक उपचारांच्या दारात येतात ते सर्व उपाय थकल्यावर, पैसे संपल्यावर, ‘आता घरी घेऊन जा’ असे कोणीतरी सांगितल्यावर.

या उशिराची किंमत मोजली गेलेली आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाचे नव्याने निदान झालेल्या १५१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून परिहारक उपचार मिळालेल्या गटात नैराश्य कमी आढळले, शेवटच्या काळातील आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही त्या गटाचे मध्यम आयुष्य ११.६ महिने भरले. दुसऱ्या गटाचे ८.९ महिने. एका अभ्यासावर सारे सिद्ध झाले असे कोणी म्हणू नये, परंतु ‘हॉस्पिसवाल्यांना बोलावले की रुग्ण लवकर जातो’ या समजुतीला त्यात काडीचाही आधार मिळत नाही.

मॉर्फिनविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण भारतातील विरोधाभास येथे सर्वांत ठळकपणे दिसतो. औषधी उपयोगासाठी अफूची कायदेशीर लागवड करणाऱ्या मोजक्या देशांपैकी भारत एक आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील परवानाधारक शेतकऱ्यांची अफू सरकार विकत घेते आणि नीमच व गाझीपूर येथे तिच्यावर सरकारी कारखान्यांत प्रक्रिया होते. तरीही १९८५ नंतर देशातील औषधी मॉर्फिनचा वापर झपाट्याने घसरला. बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा सांगणारा कायदा आणि राज्याराज्यांत निराळे, अनेक खात्यांकडून एकाच वेळी वैध ठेवावे लागणारे परवाने यांमुळे औषधविक्रेत्यांनी व रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले. त्याहून दूरगामी परिणाम असा झाला की, तोंडावाटे घेण्याचे मॉर्फिन कधी लिहूनच न दिलेल्या डॉक्टरांच्या पिढ्या वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडल्या. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि परिहारक उपचारक्षेत्रातील त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केल्यानंतर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिनसह सहा औषधांना ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा दर्जा मिळाला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरली. कायदा बदलला, भीती मात्र कायम राहिली.

ही भीती तिहेरी आहे. ‘मॉर्फिन सुरू केले म्हणजे संपलेच’, ‘व्यसन लागेल’ आणि ‘श्वास बंद पडेल’ असे नातेवाइकांना वाटते, आणि कित्येक डॉक्टरांनाही वाटते. वस्तुस्थिती अशी की मॉर्फिनची मात्रा रुग्णाच्या वेदनेनुसार अल्प प्रमाणात सुरू करून हळूहळू वाढवली जाते. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकत असल्याने ती घड्याळ पाहून द्यावी लागते. मधेच कळ उसळली तर द्यायची जादा मात्रा आधीच ठरवून ठेवलेली असते. सुरुवातीचे काही दिवस गुंगी व मळमळ होते आणि ती बहुधा ओसरते. ओसरत नाही ते बद्धकोष्ठ, म्हणून पहिल्या गोळीबरोबरच रेचक लिहून देणे हा या शाखेतील नियम आहे, आणि एखाद्या डॉक्टरला मॉर्फिन खरोखर देता येते की नाही, हे त्याने सोबत रेचक लिहिले आहे का यावरून ओळखावे. मूत्रपिंड निकामी होत असेल तर मात्रेबाबत विशेष सावधगिरी लागते. वेदनेसाठी, योग्य देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनमुळे व्यसनाधीनता उद्भवण्याचे प्रमाण कमी असते. आणि ज्याच्या हाती काही आठवडे उरले आहेत त्याच्याबाबत व्यसनाची चिंता करणे हे क्रूरपणाचेच एक सभ्य रूप म्हटले पाहिजे.

वेदनेखेरीज इतर त्रासांवरचे उपाय बहुतेकदा आश्चर्यकारकरीत्या साधे असतात. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगात जखम उघडी पडून सडते तेव्हा तिच्या दुर्गंधीमुळे घरचेही दुरावतात, जेवण वेगळ्या खोलीत जाते, नातवंडांना जवळ येऊ दिले जात नाही. मेट्रोनिडाझोल या सर्वपरिचित स्वस्त गोळीची पूड जखमेवर भुरभुरली की ही दुर्गंधी पुष्कळ कमी होते. धाप लागलेल्या रुग्णाच्या चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा झोत धरल्याने त्याला हायसे वाटते. दर दोन तासांनी कूस बदलली तर पाठीला जखमा होण्याचा धोका बराच टळतो. यांपैकी कशालाही अतिदक्षता विभाग लागत नाही. लागते ते शिकवणारे माणूस. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून चालणाऱ्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्राची रचना याच विचारावर आहे. तेथे रुग्णाबरोबर घरचे माणूस राहते, शुश्रूषेची कौशल्ये शिकते, आणि त्रास आटोक्यात आल्यावर रुग्ण पुष्कळदा घरी परततो. हॉस्पिसमध्ये गेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत म्हणूनच चुकीची ठरते.

शुश्रूषा करणारे ते ‘घरचे माणूस’ महाराष्ट्रात बहुधा बाई असते : पत्नी, मुलगी किंवा सून. तिची रजा, तिची झोप, तिचे स्वतःचे आजारपण यांची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नसते. हॉस्पिसच्या विचारात ती रुग्णाइतकीच उपचारांची धनी मानली जाते; तिला चार दिवस विसावा मिळावा एवढ्यासाठीही रुग्णाला काही काळ दाखल करून घेण्याची पद्धत जगभर मान्य आहे. आपल्याकडे असे करणे म्हणजे ‘म्हाताऱ्याला टाकून दिले’ असा बोभाटा होण्याची भीती असते, आणि ही भीती घालणारे नातेवाईक रात्रपाळीला क्वचितच फिरकतात.

तथापि सर्वांत अवघड गाठ औषधाची किंवा खाटांची नसून बोलण्याची आहे. कर्करोगाचा अहवाल आला की मुलगा, जावई किंवा भाऊ रुग्णाच्या आधी डॉक्टरांच्या खोलीत शिरतो आणि ‘त्यांना काही सांगू नका, खचतील’ अशी विनंती करतो. डॉक्टरही सुटकेचा निःश्वास टाकून ती मान्य करतात. परळला टाटा रुग्णालयात नेलेल्या, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून किरणोपचार घेणाऱ्या, शेजारच्या प्रत्येक खाटेवर कर्करोगाचाच रुग्ण पाहणाऱ्या माणसालाही ‘साधी गाठ आहे’ असे सांगितले जाते. वैद्यकीय परिभाषेत या संगनमताला ‘कल्यूजन’ म्हणतात. त्यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु रुग्णाला सहसा सारे कळलेले असते. घरात आल्यावर गप्प होणारी माणसे, अचानक भेटीला येणारे दूरचे नातलग आणि फुगत चाललेले स्वतःचे पोट त्याला ते सांगतात. मग तो घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून अजाण असल्याचा आव आणतो, घरचे तो खचू नये म्हणून आशावादी असल्याचा, आणि एका छपराखाली दोन्ही बाजू एकमेकांपासून तेच गुपित लपवत राहतात. परिणामी बँकेच्या खात्यावर वारसाचे नाव लागत नाही, उसनवारीचा हिशेब कोणाला कळत नाही, भावाशी धरलेला अबोला सुटत नाही, आणि कुठे मरायचे हा प्रश्न ज्याचा आहे त्याला विचारलाच जात नाही.

परिहारक उपचारांचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर येथे एकदम सत्य सांगून मोकळे होत नाहीत. ते आधी नातेवाइकांची भीती ऐकून घेतात, मग रुग्णाला ‘तुम्हाला आजाराबद्दल काय वाटते?’ आणि ‘किती जाणून घ्यायला आवडेल?’ असे विचारतात, आणि त्याच्या उत्तराच्या मापानेच पुढे जातात. एखाद्याने ‘जे काय ते मुलाला सांगा’ असे म्हटले, तर तोही त्याचाच निर्णय होय आणि त्याचा मान राखला जातो. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या नकार, संताप, सौदा, खिन्नता व स्वीकार या पाच अवस्था आता समुपदेशनाच्या प्रत्येक पुस्तकात आढळतात. पण माणसे त्या क्रमाने जिना उतरल्यासारखी जातात, असे पुढील संशोधनाने दाखवलेले नाही, आणि रुग्ण ‘अजून स्वीकारापर्यंत आला नाही’ अशी तक्रार करणाऱ्या नवशिक्या समुपदेशकाला हे सांगणे आवश्यक असते.

शेवटच्या दिवसांतील मोठा वाद स्वयंपाकघरातून सुरू होतो. ‘पोटात दोन घास गेलेच पाहिजेत’ या आग्रहापोटी नाकातून नळी घातली जाते, सलाइन लावले जाते. मरणाच्या जवळ आलेल्या शरीराची भूक व तहान मावळते, पचन मंदावते. अन्न थांबल्यामुळे मृत्यू येत नसून मृत्यू जवळ आल्यामुळे अन्न थांबलेले असते. अशा वेळी शिरेतून दिलेले पाणी पायांवर सूज आणि छातीत घरघर वाढवू शकते. ओठ ओले ठेवणे, जीभ पुसणे, मागितल्यास चमचाभर पाणी किंवा आवडीचा चहा देणे एवढे पुरते. (आचार्य विनोबा भावे यांनी १९८२ मध्ये पवनार येथे अन्न, पाणी व औषध नाकारून देह ठेवला, आणि सावरकरांनी १९६६ मध्ये प्रायोपवेशन केले, ही उदाहरणे मराठी वाचकाला आठवतील; परंतु ते संकल्पपूर्वक घेतलेले निर्णय होते, येथे वर्णन केलेली स्थिती ही शरीराची आपोआप होणारी निवृत्ती आहे, आणि दोहोंची गल्लत करू नये.) श्वास मधेच थांबून पुन्हा खोल सुरू होणे, हातपाय गार पडून त्यांवर निळसर जाळी उमटणे, घशात घरघर होणे ही अखेरच्या तासांची चिन्हे आहेत. घरघर ऐकणाऱ्याला असह्य वाटते, मात्र बेशुद्धावस्थेतील रुग्णाला तिचा त्रास होत नसावा, असे मानले जाते. हे सारे आधी सांगितलेले असेल, तर पहाटे तीन वाजता रुग्णवाहिका बोलावून त्याला अतिदक्षता विभागात नेले जाण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

घरी मृत्यू झाल्यास पोलीस येतील, ही आणखी एक धास्ती. आजार ज्ञात असून मृत्यू नैसर्गिक असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने दिलेले मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र पुरेसे असते आणि नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची असते. असे प्रमाणपत्र देणारा फॅमिली डॉक्टर आधीच ठरलेला असावा, हे हॉस्पिसचे पथक कुटुंबाला आवर्जून सांगते, कारण डॉक्टर न मिळाल्याने मृतदेह घेऊन रुग्णालये पालथी घालण्याची वेळ शहरातही येते.

इच्छामरणाशी हॉस्पिसचा संबंध जोडला जातो तो गैरसमजातून. मृत्यू घडवून आणणारे इंजेक्शन देणे भारतात बेकायदा आहे आणि हॉस्पिसची चळवळ त्याची मागणीही करत नाही. निरुपयोगी उपचार न करण्याचा किंवा थांबवण्याचा प्रश्न निराळा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात दशकानुदशके अचेत पडून राहिलेल्या अरुणा शानबाग यांच्यासंबंधीच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रथम मर्यादित मान्यता दिली. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जीवनाच्या हक्कातच अंतर्भूत असल्याचे सांगून आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजेच ‘लिव्हिंग विल’, वैध ठरवले. त्याची पहिली कार्यपद्धती इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानेच ती सुलभ केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन पुरते, आणि प्रत्यक्ष निर्णयाच्या वेळी रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे एक आणि बाहेरचा एक सदस्य धरून तीन डॉक्टरांचे दुसरे अशी दोन मंडळे मत देतात. तरीही अनेक रुग्णालयांत कायद्याच्या भीतीने उपचार ‘थांबवण्या’ऐवजी नातेवाइकांना ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेतो’ अशा कागदावर सही करायला लावले जाते. तो रुग्ण मग वेदनाशामक औषधाविना, ऑक्सिजनविना, कोणाचाही फोन नंबर हाती नसताना घरी पोहोचतो. व्यवस्थेने केलेला हा सर्वांत मोठा विश्वासघात आहे.

केरळने दुसरा मार्ग धरला. १९९३ मध्ये कोझिकोड येथे डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार व सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कामातून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले, २००८ मध्ये राज्याने परिहारक उपचारांचे धोरण स्वीकारले आणि घरोघर जाणारी परिचारिका ही स्थानिक पंचायतीची जबाबदारी बनली. महाराष्ट्रात तज्ज्ञतेची वाण नाही. टाटा स्मारक रुग्णालयात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम २०१२ मध्ये सुरू झाला आणि तेथील घरभेटींची सेवा मुंबईत अनेक घरांपर्यंत पोहोचते. परंतु हे सारे प्रामुख्याने मुंबई-पुण्यात आणि प्रामुख्याने कर्करोगाभोवती एकवटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार परिहारक उपचारांची गरज असलेल्या प्रौढांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे ३८.५ टक्के, तर कर्करोगाचे ३४ टक्के रुग्ण असतात, आणि जगभरातील गरजूंपैकी सुमारे १४ टक्क्यांनाच ते मिळतात. हृदय निकामी झालेला गडचिरोलीचा शेतकरी किंवा स्मृतिभ्रंश झालेली साताऱ्याची आजी या चित्रात अजून आलेलीच नाही. आरोग्य केंद्रांनी द्यावयाच्या बारा सेवांच्या यादीत परिहारक उपचारांचा समावेश केंद्र सरकारने केला आहे. ग्रामीण रुग्णालयात मॉर्फिनची गोळी आणि ती लिहून देणारा डॉक्टर एकाच दिवशी उपलब्ध असणे, ही त्या समावेशाची खरी कसोटी ठरेल, आणि आज तरी महाराष्ट्र त्या कसोटीला उतरत नाही.

ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांनी मात्र व्यवस्था सुधारण्याची वाट पाहू नये. रोगावरचे उपचार जोरात चालू असतानाच, पुढच्या तपासणीच्या वेळी, ‘परिहारक उपचार विभागाकडे चिठ्ठी द्या’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. त्यासाठी केमोथेरपी सोडावी लागत नाही आणि त्याचा अर्थ हार मानली असाही होत नाही. वांद्र्याचे शांती आवेदना सदन, त्याची गोव्यातील लोटली येथील शाखा आणि वारज्याचे केंद्र या तिन्ही ठिकाणी रुग्णांची सेवा विनामूल्य केली जाते.